चौथी ओंजळ

वासुदेव, वासुदेवांचे वडील जनार्दन, आणि जनार्दनांचे वडील भिकाजी. जैतापूरच्या रेवणकरांच्या या तीन पिढ्यांची नावे मला माहेरच्या माणसांच्या नावांपेक्षा अधिक तोंडपाठ आहेत. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला माझे यजमान ही नावे उच्चारून तीळ घातलेल्या पाण्याच्या ओंजळी ताम्हनात सोडत आणि मी दाराशी उभी राहून ऐकत असे. यजमानांचे स्वतःचे नाव मी येथे लिहीत नाही. आमच्या पिढीत बायका ते घेत नसत, आणि या वयात रीत मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही.

तीन पिढ्यांचे तर्पण झाले की हे आणखी एक ओंजळ भरत. ती ताम्हनात न सोडता शेजारच्या चांदीच्या वाटीत सोडत. तिला नाव नव्हते, गोत्र नव्हते, मंत्रही नव्हता. "हे शास्त्रात नाही," असे भटजी दरवर्षी म्हणत. "शास्त्रात नसेल, घरात आहे," असे माझ्या सासूबाई दरवर्षी उत्तर देत.

संध्याकाळी आवरायला जावे तर वाटी कोरडी असे. ताम्हनातले पाणी मात्र जसेच्या तसे. मी पुण्यात मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. पसरट भांड्यातले पाणी आधी उडते आणि खोल भांड्यातले नंतर, हे मी किती वर्गांना शिकवले असेल. आमच्याकडे ताम्हन पसरट होते आणि वाटी खोल. मला हे दिसत होते. पण सासूबाईंच्या देवघरात प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती.

ती ओंजळ कोणाची, हे घरात सर्वांना ठाऊक होते. भिकाजी गलबतावर मुनीम होते. काथ्या आणि नारळ घेऊन आखातात जायचे, खजूर भरून परत यायचे. एका खेपेला गलबत फुटले आणि भिकाजी फळीला धरून एका उजाड बेटाला लागले. तेथे एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर मूल होते, मुलाच्या मनगटाला निळ्या मण्याचा दोरा होता, आणि जवळ पाण्याची कातडी पिशवी होती. भिकाजींची सुजलेली जीभ पाहून तिने पिशवीचे तोंड त्यांच्या ओठांना लावले. तळाशी होते ते सगळे भिकाजी प्यायले. तिची भाषा त्यांना येत नव्हती. त्यांनी हातांनी खुणा करून वचन दिले, की गोडे पाणी भरून परत आणून देईन. मग एका होडीने त्यांना उचलले. त्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारले की भिकाजी जेवणाच्या पानावरूनसुद्धा उठत.

घरी येऊन त्यांनी पितळेचा एक फिरकीचा तांब्या घेतला, आपल्या विहिरीच्या पाण्याने भरून नेण्यासाठी. पुन्हा समुद्रावर पाऊल टाकण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नाही. जनार्दनांनाही झाले नाही. वासुदेवांना सवड झाली नाही. तांब्या आमच्या घरी आला.

दोन हजार आठ सालच्या दिवाळीनंतर आम्ही दोघे दुबईला आमच्या मुलाकडे, सिद्धांतकडे गेलो. उंच इमारतींना लागणाऱ्या काचांच्या चौकटी त्याच्या कंपनीत बनत. कारखाना दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात होता आणि घर तेथून जवळच. आम्ही पोहोचलो तेव्हा मंदीने कारखान्याचा आवाज बंद पडला होता. खिडकीतून क्रेन दिसत, एकही हलत नसे. खालच्या वाहनतळावर धूळ खात पडलेल्या गाड्यांच्या काचांवर मुलांनी बोटांनी चित्रे काढली होती; मालक गाडी तशीच टाकून मायदेशी निघून गेले, असे सूनबाई मुग्धा हळू आवाजात सांगे.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी सिद्धांतने उन्हाळ्यातच एका मोठ्या प्रवासी बोटीवर जागा ठरवून ठेवली होती. दुबईहून मस्कत, मग फुजैरा, मग अबू धाबीच्या पश्चिमेचे एक छोटे बेट, आणि परत.

"रद्द कर," मी म्हणाले.

"आई, रिफंड नाहीये. एजंट सरळ खलास म्हणाला. तुम्ही जा."

"आणि तुझी नोकरी?"

"ती तुम्ही घरी बसून वाचणार आहे का? परत याल तोवर क्लिअर होईल काहीतरी, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणजे नाही, एवढे मला इथे येऊन समजले आहे."

मुग्धा हसली.

आमची नात अस्मी आजोबांच्या बॅगेशी बसली होती. "आबा, कॅन यू स्विम?"

"नाही गं."

"देन व्हाय आर यू गोइंग?"

यजमानांनी धोतरात गुंडाळलेला तो तांब्या बॅगेतून काढला आणि तिच्या हातात दिला. ती दोन्ही हातांनीही तो पेलू शकेना. निघण्यापूर्वी ते एकटेच जैतापूरला जाऊन आले होते, ते कशासाठी हे मला तेव्हा कळले. "एका बाईंना पाणी नेऊन द्यायचंय," ते म्हणाले.

हे पाटबंधारे खात्यात अभियंता होते. मी म्हणाले, "अहो, तुमच्या खात्याने कोणाला वेळेवर पाणी दिल्याचे मला आठवत नाही."

"शंभर वर्षं उशीर. खात्याच्या मानानं ठीक आहे," हे म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. सिद्धांतला हसताना मी त्या मुक्कामात तेवढेच पाहिले.

जानेवारीत आम्ही निघालो. बोट अर्धी रिकामी होती. लांबच लांब गालिचे, पितळी कठडे, आणि भोजनगृहात पांढरे कापड घातलेली, कोणी न बसलेली टेबले. आम्हांला समुद्राकडे सज्जा असलेली खोली मिळाली.

पहिल्या सकाळी यजमान स्नान करून, सोवळे नेसून आले. त्यांनी तांब्याची फिरकी उघडली, आतले पाणी हुंगले आणि ते बेसिनमध्ये ओतून दिले.

"अहो, हे काय केलेत?"

"शिळं झालं. देवाला काय आणि पितरांना काय, शिळं पाणी चालत नाही. रोज ताजं भरायचं." त्यांनी तांब्या खोलीतल्या नळाखाली धरला.

"नळाला येते ते पाणी कुठले, ठाऊक आहे ना? बोट समुद्राचे पाणी खेचते आणि त्याचेच गोडे करते."

"गोडं झालं ना? मग झालं."

त्यांच्या घराण्यात शिळे पाणी कधी देवापुढे गेले नव्हते. जैतापूरचे पाणी बेसिनच्या भोकातून गोल फिरत खाली गेले, तेवढे मी पाहिले.

मस्कतला आम्ही बाजारात ऊद विकणाऱ्यांच्या धुरातून फिरून परत धक्क्यावर आलो. बोटीचे दोरखंड अडकवण्याच्या लोखंडी खुंटापाशी एक बाई बसली होती. अंगभर काळे वस्त्र, चेहऱ्यावर तिकडच्या जुन्या बायका लावतात तसा कडक, निळसर झाक असलेला मुखवटा. मांडीवर काहीतरी पांघरलेले. तिचे पाय उघडे होते, आणि घोट्यापर्यंत मिठागरातल्या मजुरांच्या पायांसारखे पांढरे.

"ती आपल्याकडे बघते आहे," यजमान म्हणाले.

"गरीब असेल. चला, ऊन लागेल."

त्या रात्रीच्या जेवणात यजमानांनी पाण्याचा अख्खा जग संपवला. वाढणाऱ्याने दुसरा आणून ठेवला, तोही संपवला.

फुजैराचा धक्का वेगळा. मागे उघडे करडे डोंगर, एका अंगाला तेलाच्या गोल टाक्या. आम्ही जिना उतरलो आणि यजमानांनी माझे मनगट धरले. खुंटापाशी ती बसली होती.

तशी वस्त्रे त्या किनाऱ्यावर अनेक बायकांच्या अंगावर असतात. मुखवटेही असतात. हे मी स्वतःला सांगितले आणि यजमानांनाही ठामपणे सांगितले. तेवढ्यात वाऱ्याने तिच्या मांडीवरचे पांघरूण सरकले आणि एक लहान हात बाहेर लोंबला. मनगटाला निळ्या मण्याचा दोरा होता. हात वाऱ्याबरोबर हलत होता, वाळत घातलेल्या कपड्याच्या बाहीसारखा.

आम्ही बाजार न पाहता परत फिरलो.

दुपारपर्यंत यजमानांचे ओठ फुटले. ते बाटलीमागून बाटली रिकामी करत होते, आणि एवढे पाणी पिऊन एकदाही लघवीला उठले नव्हते. मी त्यांना बोटीवरच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर हलिमा हैदराबादच्या होत्या, वयाने मुग्धाएवढ्या, बोलायला गोड. त्यांनी रक्तातली साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली. तेवढ्या वेळात यजमानांनी त्यांच्यासमोर आणखी एक बाटली रिकामी केली.

"अंकल, शुगर तो एकदम नॉर्मल है. ए.सी. से ऐसा होता है. पानी पीजिए."

"बेटी, और कितना?" यजमानांनी हसून विचारले. हसताना त्यांच्या ओठातून रक्त आले नाही. भेग नुसतीच उघडली, आतून कोरडी.

खोलीत आल्यावर मी तांब्या उघडून त्यातले चमचाभर पाणी जिभेवर घेतले. खारट, कडवट, समुद्राचे पाणी. मी ते फेकले, तांब्या विसळला, नळाखाली धरून पुन्हा भरला, फिरकी लावली, उघडली, चाखले. खारट. त्याच नळाचे पाणी पेल्यात घेतले. गोडे. दोन बश्यांत दोन्हींचे एकेक चमचा पाणी घालून मी त्या सज्ज्यातल्या उन्हात ठेवल्या. एक बशी स्वच्छ वाळली. दुसरीत मिठाचे पांढरे कडे उरले.

प्रयोग मी तीनदा केला. मुलींना मी नेहमी सांगत असे, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये.

"अहो," मी म्हणाले, "उद्या बेटावर उतरायचे नाही. खोलीत बसायचे. परवा दुबई, आणि तिथून थेट इस्पितळ."

ते सज्ज्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या हाताची कातडी मी चिमटीत धरून सोडली, ती घडी पडल्यासारखी उभीच राहिली.

"ती इथवर येते आहे," ते म्हणाले. "प्रत्येक बंदरात. मांडीवर पोर घेऊन. आपण खोलीत दार लावून बसायचं? आपल्या दाराशी कोणी पाणी मागितलं तर तू असं करशील?"

चाळीस वर्षांच्या संसारात दाराशी आलेल्या कोणाला मी पाण्याशिवाय परत पाठवले नव्हते.

"मी बरोबर येईन," मी म्हणाले. "तांब्या द्यायचा आणि मागे फिरायचे. हात मी सोडणार नाही."

"हुकूम," ते म्हणाले.

बेटाजवळ मोठी बोट उभी राहिली आणि छोट्या होड्यांनी आम्हांला किनाऱ्यावर सोडले. रंगीत छत्र्या, आरामखुर्च्या, नारळपाण्याचे दुकान, गाणी. लोक टोप्या घालून पाण्यात उड्या मारत होते. यजमान कोणाला न विचारता छत्र्यांच्या मागच्या वाळूच्या टेकाडाकडे चालू लागले. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात माझा हात.

टेकाडापलीकडे गाणी ऐकू येईनाशी झाली. एवढ्या थोड्या अंतरात आवाज असा बंद होत नाही.

दगडांच्या गोल कड्याची एक विहीर होती, काठोकाठ वाळूने भरलेली. त्या कड्याशी ती बाई बसली होती.

यजमानांनी माझा हात सोडवून घेतला नाही. तसेच, एका हातात माझा हात धरून, ते तिच्यासमोर वाळूत बसले. वासुदेव, जनार्दन, भिकाजी, अशी त्यांनी तिन्ही नावे घेतली. भिकाजींच्या नावाला तिने मान वर केली.

यजमानांनी तांब्या पुढे केला.

तिने फिरकी उघडली. मांडीवरचे पांघरूण बाजूला केले. मी तिकडे पाहिले नाही. पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि ते वाळूत मुरल्याचा.

मग तिने बोट बुडवून स्वतःच्या जिभेला लावले.

ती रागावली नाही. मला राग कळतो. मी शाळा चालवली आहे. तिने फक्त मान हलवली, फसलेल्या माणसाने हलवावी तशी. समुद्राचे पाणी. तेच तर तिच्या चारी बाजूंना होते.

तिने तळहात यजमानांच्या गालावर ठेवला.

"अहो, उठा," मी म्हणाले.

ते उठले नाहीत.

"उठा! होडी सुटेल."

"तू पुढं हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज कोरड्या पानांसारखा येत होता. "पोराचं पिऊन होऊ दे."

मी त्यांना ओढून उभे केले. मी अशक्त बाई नव्हते आणि हे चांगले उंच, भरल्या अंगाचे होते. तरी ते रिकाम्या सुपासारखे उचलले गेले.

मी मागे वळून पाहिले नाही. मागे एक लहान मूल घोट घेत होते. तहानेलेली मुले पाणी पिताना घशात करतात तसा तो आवाज होता.

टेकाड ओलांडले आणि गाणी पुन्हा सुरू झाली. तांब्या तिकडेच राहिल्याचे मला होडीत लक्षात आले. यजमान माझ्या खांद्याला टेकून बसले होते. मी बाटली पुढे केली. त्यांनी मानेने नको म्हटले.

"तहान भागली का?"

"त्याची भागली," ते म्हणाले, आणि मोठ्या समाधानाने डोळे मिटले.

खोलीत पोहोचेपर्यंत त्यांचा श्वास चालू होता. सज्ज्यातल्या खुर्चीत बसवले, शाल घातली आणि डॉक्टरांना बोलावले. त्या येईपर्यंत श्वास थांबला होता. माझा हात त्यांच्या हातातच होता. मी दिलेला शब्द मोडला नाही.

डॉक्टर हलिमांनी बराच वेळ तपासले. मग भोवतालच्या रिकाम्या बाटल्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आंटी, इन्होंने सच में पानी पिया था?"

"तुमच्यासमोर प्याले होते."

"हां," त्या म्हणाल्या. "मेरे सामने." त्यांनी उन्हाचा झटका असे कारण लिहिले. जाताना दाराशी थांबून त्यांनी आपल्या ओठांवरून जीभ फिरवली. "ऐसे तो वो लोग होते हैं, आंटी, जो कई दिन समंदर में भटकते हैं."

दुबईच्या धक्क्यावर सिद्धांत उभा होता. त्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती. त्याने ते मला तेराव्यानंतर सांगितले. पुढे त्याला रुवैसला, पश्चिमेकडच्या तेलशुद्धीकरणाच्या गावी काम मिळाले आणि मीही त्यांच्याबरोबर तेथे राहायला गेले. पुण्याचे घर मला एकटीला मोठे होते. रुवैसच्या घराच्या गच्चीवरून समुद्र दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तेव्हा दूरवर एक-दोन बेटांच्या रेघा.

वर्षश्राद्ध झाले. त्यानंतरच्या सर्वपित्रीला सिद्धांतने प्रथमच स्वतः तर्पण केले. आता तीन नावांत पहिले त्याच्या वडिलांचे होते, मग वासुदेव, मग जनार्दन. भिकाजींचे नाव रीतीप्रमाणे गळाले. अस्मी माझ्या पदराला धरून उभी होती.

सिद्धांतने वडिलांचे नाव घेऊन पहिली ओंजळ ताम्हनात सोडली. दुसरी भरायला तो वळला, आणि थांबला.

"आई, ताम्हनाला भोक आहे का?"

"नाही. चालू ठेव."

त्याने ते नाव पुन्हा घेतले, पुन्हा ओंजळ सोडली. धातूवर पडलेल्या पाण्याचा आवाज आला, आणि ताम्हन कोरडे. तीळ तेवढे तळाला चिकटलेले.

"आजी," अस्मी म्हणाली, "हू इज ड्रिंकिंग इट?"

मुग्धाने तिला आत नेले. सिद्धांतने उरलेली दोन नावे घेतली. त्यांचे पाणी राहिले. शेवटी त्याने, मी सांगितल्याप्रमाणे, बाजूच्या चांदीच्या वाटीत निनावी ओंजळ सोडली.

संध्याकाळी मी आवरायला गेले. वाटी काठोकाठ भरलेली होती. पाण्यावर एक तीळ तरंगत होता, सकाळी होता तेथेच. तिला कोणी तोंड लावले नव्हते. चार पिढ्यांनी जे देणे वाहिले, ते पूर्ण फिटले होते. त्या बाईला आता रेवणकरांकडून थेंबाचीही अपेक्षा नव्हती.

शेजारचे ताम्हन आता पूर्ण कोरडे होते. वासुदेवांचे आणि जनार्दनांचे पाणीही त्यात उरले नव्हते.

बायकांनी तर्पण करू नये आणि नवऱ्याचे नाव घेऊ नये, या दोन्ही गोष्टी मी सुनेला शिकवल्या आहेत. मी दार लावून घेतले. वाटी उचलली.

"विजयकुमार," मी म्हणाले, आणि ती भरलेली वाटी ताम्हनात ओतली.

घोट घेतल्याचा आवाज आला. मग ताम्हनाच्या तळाशी मिठाचे एक पांढरे कडे उरले.